पट्टीवरची नावं

"हात काढ! आधी हात काढ त्या पियानोवरनं!"

शिरसाट काका दारातनंच ओरडले. मी अजून स्टुलावर नीट टेकलो पण नव्हतो.

"का? काय केलंय मी?"

"वर तोंड करून विचारतोयस? बघ की, तुझे प्रताप बघ."

"काका, मी आत्ता येतोय. घाम पण वाळला नाही अजून."

"आत्ता येतोयस म्हणजे काल आला नव्हतास काय? हॉलच्या किल्ल्या किती? दोन. एक माझ्याकडं, एक तुझ्याकडं. मग काय मी येऊन खळ ओतली?"

"खळ? कसली खळ?"

"ही!" त्यांनी पियानोवरनं बोट फिरवलं आणि तेच बोट माझ्या नाकाखाली धरलं. "मैद्याची. चांदण्या चिकटवायला शिजवली होती ती. पातेलं पुसून रिकामं केलंस लेका."

मी वाकून बघितलं. मधल्या सगळ्या पांढऱ्या कीज ओल्याचिंब. फटीफटीत पांढरा लगदा. एक की दाबून बघितली तर शेजारच्या दोघी तिच्यासोबत खाली गेल्या, आणि तिघी तिथंच बसल्या. वर यायचं नाव नाही. सूर पण नाही, नुसतं 'थप्प'.

"हे ओलं कुणी केलं?"

"मी केलं. पुसायला नको? अर्धी बादली पाणी लागलं."

"पियानोला पाणी मारलंत? लाकूड आहे ते काका! फुगून बसणार आता! नुसती खळ असती तर खरवडून तरी काढली असती!"

"मला शिकवू नकोस. शाळेनं हाकललेलं पोरगं तू, आणि मला—"

"शाळेनं नाही हाकललं. मी सोडली."

हे खरं पण होतं आणि नव्हतं पण. नववीत भूगोलाच्या सरांनी मला डस्टर फेकून मारलं. मी ते झेललं आणि परत फेकलं. माझा नेम चांगला आहे. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी आईला बोलावलं, आणि ते तिला काय बोलतात ते ऐकायला मी थांबलोच नाही. त्याच्या आधीच्या शाळेतनं मात्र नाव काढलं होतं. ते काका विसरले होते, मी कशाला आठवण करून देऊ?

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेत, आमच्या चर्चच्या बाजूच्या हॉलमध्ये. त्या दिवशी संध्याकाळी सुवार्ता मिसच्या पियानो क्लासचा नाताळचा कार्यक्रम होता. सगळी मंडळी येणार होती, पाळक साहेब येणार होते, माझी आई येणार होती. आणि दुपार कलायला लागली तरी पियानोला तोंड नव्हतं.

शिरसाट काका म्हणजे चर्चच्या कमिटीतले पंच. रेल्वेत गार्ड होते. रिटायर झाले तरी अजून शिट्टी त्यांच्याच हातात आहे असं वागायचे. घरी स्वतः पेटी वाजवायचे, रविवारच्या भक्तीला गाणं तेच उचलायचे. पियानो त्यांना आवडायचाच नाही. "एवढं धूड! त्यापेक्षा एक कीबोर्ड घ्या, खाकेत मारून नेता येतो," असं दर मीटिंगला म्हणायचे.

"माझं ऐकलं नाही कुणी," ते आता म्हणाले. "असल्या पोराच्या हातात किल्ली दिली बाईंनी. परवा तूच म्हणालास की नाही, मोडून टाका हा पियानो? ह्या माझ्या कानांनी ऐकलं. स्टुलाला लाथ घातलीस, ती पण बघितली."

ते मात्र खरं होतं. परवा माझं आणि मिसचं जोरात वाजलं होतं. मला कार्यक्रमात एकट्याला एक पीस वाजवायचा होता. दोन महिने बसवला होता. मिस म्हणाल्या, "यंदा नाही. यंदा तू बारक्यांच्या मागं बसायचं. सात पोरं, सात गाणी, तू नुसता डावा हात द्यायचा." मी म्हटलं, मी काय ह्यांचा हमाल आहे काय. त्या म्हणाल्या, "हमाल नाही. भिंत. लहान मुलं भिंतीला धरून चालायला शिकतात." माझी सटकली. मग ते मोडून टाकायचं बोललो, लाथ घातली आणि गेलो. काल दिवसभर घरी गच्चीवर पडून होतो. पण गच्चीवर पडल्याची पावती कोण देतं?

"नाही केलंय मी," मी म्हटलं.

"मग कुणी? उंदरानं?"

"मला काय माहीत!"

"संध्याकाळी कमिटी बसेलच. हा क्लास ह्या हॉलमध्ये चालू ठेवायचा का नाही ते बघू. तुझं तर आत्ताच सांगतो, किल्ली ठेव इथं आणि चालू लाग. आईला तुझ्या मी सांगतो काय ते."

आईचं नाव काढल्यावर मी किल्ली मुठीत घट्ट धरली. कारण आईनं डिसेंबर लागतानाच सरळ सांगितलं होतं: "नथ्या, सुवार्ताबाईंनी तुला ठेवून घेतलंय तोवर मी गप्प आहे. तिथनं पण हाकललं ना, की दुसऱ्या दिवशी इचलकरंजी. मामाच्या मागावर." मामाचे यंत्रमाग आहेत. मी एकदा आठवडाभर राहिलोय तिकडं. पत्र्याची शेड, आत माग, आणि सकाळपासून खटाखट खटाखट. माणसं एकमेकांशी हातानं बोलतात. परत आलो तेव्हा मला पियानोचे वरचे सूर ऐकूच येत नव्हते. मिसनी वाजवून विचारलं, "हा कुठला?" मी म्हटलं, "वाजवा तरी आधी." तेव्हा मी घाबरलो होतो. आयुष्यात एकदाच.

किल्ली मी ठेवली नाही. काका बादली उचलून बाहेर ओतायला निघाले, तेव्हा सहज माझी नजर बादलीत गेली. फडक्यासोबत कागदाचे चिटोरे निघाले होते. बोटभर रुंदीचे, कात्रीनं वेडेवाकडे कापलेले. एक बादलीच्या कडेला चिकटला होता. मी उचलला. त्यावर निळ्या स्केचपेननं 'नी' लिहिलं होतं. वेलांटी अशी लांब मागं ओढलेली, फुग्याला दोरा असतो तशी.

अशी वेलांटी आख्ख्या क्लासमध्ये एकच पोरगी काढायची. मिनू. खरं नाव मिर्याम, वय सात, पुढचे दोन दात पडलेले. शिरसाट काकांची नात.

"काय बघतोयस?" काका म्हणाले.

"काही नाही."

चिटोरा मी खिशात टाकला. का टाकला विचाराल तर सांगता यायचं नाही. एक शब्द बोललो असतो तर सुटलो असतो. पण मला माहितेय, मोठी माणसं सगळ्यांसमोर उभं करून कशी विचारतात ते. बोल, तूच केलंस ना, बोल. मग खरं बोला नाहीतर खोटं, रंग एकच लागतो. मी त्यातनं बऱ्याचदा गेलोय. मिनू अजून गेली नव्हती.

तेवढ्यात मिस आल्या. सुवार्ता मिस म्हणजे साठीच्या, बारीक, पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि सायकल. सायकलच्या कॅरिअरला त्यांनी रंगीत कागदांचा गठ्ठा बांधला होता. मागोमाग पोरं पण आली, एकेकाच्या हातात एकेक चांदणी.

डिसेंबर आला की मिस सगळ्यांचे सराव बंद करायच्या. नुसते खेळ आणि नाताळची गाणी. डोळे बांधून सा शोधायचा. एकानं टाळी वाजवायची, बाकीच्यांनी ती टाळी पियानोवर वाजवायची. त्यांच्याकडं चित्रं रंगवायचं एक परदेशी पुस्तक होतं, त्यात प्रत्येक पानावर एक गोल-गोल बर्फाचा बाबा, आणि पोटाच्या बटणांवर सूर लिहिलेले. मिरजेत बर्फ कुठला? पोरांनी तो लोण्याचा गोळा समजून पिवळा रंगवला. मिनूनं विचारलं होतं, "मिस, ह्याला उन्हात ठेवला तर गाणं पण वितळणार?" मिस त्यावर दोन मिनिटं हसत होत्या.

आता त्या हसत नव्हत्या. त्यांनी पियानो बघितला. एक की दाबली. थप्प. दुसरी. थप्प. मग हात मांडीवर ठेवून त्या स्टुलावर बसल्या.

"बाई, मी सांगतो काय झालं ते," काका म्हणाले. "सकाळी येऊन बघतो तर सगळ्या पट्ट्यांवर खळ आणि कागद. दार कुलूपबंद. म्हणजे किल्लीवाल्याचंच काम. परवाची लाथ तुम्हीसुद्धा बघितलीय."

पोरं दाराशी गोळा होऊन उभी. कुणी हलेना. मिनूनं चांदणी तोंडासमोर धरलेली.

मिसनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता म्हणतील, छे, नथू असं करणार नाही. मी त्या वाक्याची वाटच बघत होतो.

त्या म्हणाल्या, "नथू, तू केलंस का?"

एवढंच. आवाज पण चढवला नाही. काका तासभर बोलत होते ते मला लागलं नव्हतं. हे लागलं. मी दोन्ही हात कोपरापर्यंत पियानोवर आपटले. सगळा जीव काढून. "नाही! नाही! नाही केलं!"

आणि पियानो वाजला.

म्हणजे आवाज झाला असं नाही. वाजला. मधल्या पांढऱ्या सगळ्या मुक्याच होत्या. राहिल्या होत्या त्या काळ्या. त्या तेवढ्या एकदम बोलल्या, आणि कसं सांगू, ते गोड होतं. मी भांडत होतो आणि तो गात होता. सूर हॉलच्या पत्र्यापर्यंत गेला आणि कितीतरी वेळ खाली आलाच नाही.

मी हात उचलायचं विसरलो.

"परत कर," शिरसाट काका म्हणाले.

"काय?"

"आत्ता केलंस ते. नुसत्या काळ्या. पण आपटू नकोस, एकेक वाजव. काळी तीनपासनं."

मी तिसऱ्या काळीपासनं एकेक वाजवली. पाच सूर, आणि सहावा म्हणजे वरचा सा. काकांनी डोळे मिटले. त्यांचा हात मांडीवर ताल धरायला लागला, त्यांना कळायच्या आत.

"हा भूप की रे," ते म्हणाले. "म आणि नी नाहीतच. हा सरळसरळ भूप."

"काळ्यांवर नेहमीच असतो," मिस हळूच म्हणाल्या. "म्हणून तर मी बारक्यांना पहिला महिना फक्त काळ्या देते. चुकायला जागाच नसते." मग त्या एकदम उठून उभ्या राहिल्या. "शिरसाट, 'उठा रे धनगर' कशात आहे?"

'उठा रे धनगर, रान उजळलं' हे आमच्या मंडळीचं नाताळचं गाणं. मिसच्याच आजोबांनी रचलेलं. बाहेर कुणाला माहीत नाही, पण आमच्याकडं पाळण्यातल्या पोराला पण येतं.

काकांनी मनातल्या मनात एक ओळ म्हटली. त्यांचे ओठ हलत होते. "भूपात," ते म्हणाले. "पण आम्ही ते पांढरी एकवर बसवलंय. काळी तीन म्हणजे केवढं वर! बायकांचे घसे फाटतील."

"मग पुरुषांनी खालून म्हणायचं."

"आणि वाजवणार कोण? हा?" काकांना मी परत आठवलो. "ज्यानं पट्ट्यांची ही दशा केली, त्याच्याच हातानं प्रभूचं गाणं वाजवायचं? मी पंच म्हणून उभा असेपर्यंत—"

"आजोबा, नाही."

मिनू होती. चांदणी तोंडावरनं खाली आली होती.

"तू गप. मोठी माणसं बोलतायत."

"पण नथूदादानं नाही केलं. मी केलं. मी आणि जोएलनं. जोएलनं फक्त पातेलं धरलं."

जोएल लगेच रडायला लागला.

"तू? पियानोवर खळ?" काकांचा आवाजच बसला. "का गं?"

"मिसनी सांगितलेलं!" मिनू आता चिडली होती. तिला खरंच कळत नव्हतं की तिचं चुकलं काय. "काल मिस जाताना म्हणाल्या, मुलांनो, पट्टीवर सगळी नावं चिकटवून ठेवा, उद्या आपण खेळ खेळू. म्हणून चिकटवली. सा, रे, ग, म, सगळी. दोनदा लावायला लागली. खळ घसरत होती म्हणून जास्त लावली. मग झाकण लावलं, आणि आजोबा हॉलला कुलूप लावायला आले."

मिसनी तिच्याकडं बघितलं. मग टेबलाकडं. टेबलावर कालपासनं एक पिशवी होती, तिच्यातनं त्यांनी हळूच एक लांब कागद काढला. जाड कागदाची पट्टी, त्यावर पेनानं पियानोच्या कीज काढलेल्या. अशा सात पट्ट्या होत्या. प्रत्येक पोराला एक. कोऱ्याच्या कोऱ्या.

"ही पट्टी, मिनू," मिस म्हणाल्या. "ह्या पट्टीवर."

"ही पट्टी?" मिनू म्हणाली. "हा तर कागद आहे. पट्टी म्हणजे ही." आणि तिनं पियानोकडं बोट केलं. "आजोबा घरी पेटीला पट्टीच म्हणतात. पट्टी दाब, पट्टी सोड, पांढरी पट्टी, काळी पट्टी. हो ना आजोबा?"

मी काकांकडं बघितलं. मघाशी ते स्वतःच म्हणाले होते, सगळ्या पट्ट्यांवर खळ. मिस आम्हाला कायम 'की' म्हणायला लावायच्या, त्यामुळं त्यांच्या डोक्यात पट्टी म्हणजे कागद. मिनूच्या घरात पट्टी म्हणजे सूर. दोघींचं बरोबर होतं आणि मधल्या मधे पियानो मेला होता.

काकांनी खिशातनं रुमाल काढला, घाम पुसला, परत खिशात ठेवला, परत काढला.

"मग ते काळ्यांवर का नाही लावलं गं?" एवढंच त्यांना सुचलं.

"काळ्यांची नावं अजून शिकवली नाहीत," मिनू म्हणाली.

पहिली मिस हसल्या. मग पोरं. मग मी. जोएल रडता रडता हसायला लागला आणि त्याला उचकी लागली. काका तेवढे हसले नाहीत, पण बादली उचलून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. आल्या आल्या मला म्हणाले, "बघत काय बसलायस? वाजव. वेळ कुठंय?"

वेळ खरंच नव्हता. सात गाण्यांच्या जागी एकच गाणं करायचं ठरलं. सात पोरं, सात कडवी. प्रत्येकानं येऊन एक कडवं फक्त काळ्यांवर वाजवायचं, मी मागनं आधार द्यायचा. खालच्या कीज कोरड्या होत्या, त्यामुळं माझा डावा हात मोकळा होता. पोरांना काळ्या शोधायला काहीच लागलं नाही. दोनची जोडी, तीनची जोडी, त्यांचं ते पहिल्या महिन्याचं खेळणंच होतं. मला वाटलं होतं तासभर आरडाओरडा करायला लागेल. लागला नाही. एकदाच ओरडलो, तो काकांवर. ते पोरांच्या पुढं-पुढं गात होते.

"काका, थांबा की! पोरगी येऊ दे तिथंपर्यंत!"

"गाणं थांबत नसतं रे."

"मग तुम्ही गार्ड कशाला होतात? सिग्नल नाही बघायचा?"

ते माझ्याकडं बघत राहिले. म्हटलं, झालं, गेली परत किल्ली. पण ते म्हणाले, "बरं. तू मान हलव. मग मी सुटतो."

अंधार पडायच्या सुमाराला हॉल भरला. करंज्यांचा वास, नव्या कपड्यांचा वास, पोरांच्या चांदण्या दोरीवर. सगळे एकमेकांना सलाम घालत खुर्च्या ओढत होते. आई तिसऱ्या रांगेत होती. ड्युटीवरनं थेट आली होती, दवाखान्याची साडी तशीच. तिनं मला पियानोजवळ बघितलं आणि पदर सावरून ताठ बसली. माझं काही असलं की ती अशीच बसते, मार चुकवायला बसल्यासारखी.

शिरसाट काका पुढं आले. पंच म्हणून चार शब्द तेच बोलायचे. मी मान खाली घातली. कारण ह्या माणसानं दुपारी मला काय काय म्हटलं होतं ते मला माहीत होतं, आणि आता त्याच्या हातात माईक होता.

"मंडळी, सलाम," ते म्हणाले. "यंदा एकच गाणं आहे. आणि यंदा ते काळी तीनवर आहे."

मागनं बायकांमध्ये एकच कुजबुज. कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, मेलो आपण."

"ज्यांना वर जाता येत नाही त्यांनी खालून म्हणायचं. ज्यांना खाली जाता येत नाही त्यांनी वरून म्हणायचं. ज्यांना दोन्ही येत नाही त्यांनी टाळ्या वाजवायच्या. मी पण आज नथानिएलनं मान हलवल्याशिवाय सुरू करणार नाही. तुम्ही पण करू नका."

नथानिएल. माझं आख्खं नाव त्या हॉलमध्ये त्याआधी फक्त बाप्तिस्म्याला घेतलं असेल.

मी मान हलवली.

पहिलं कडवं मिनूचं. तिचे पाय हवेत लोंबत होते. तिनं दोन बोटांनी, अगदी सावकाश, एकही न चुकता वाजवलं, आणि शिरसाट काकांनी गाणं उचललं. आख्खा हॉल त्यांच्या मागनं उठला. काय आवाज होता तो! निम्मे वर, निम्मे खाली, आणि मधे कुणीच नाही, मधे फक्त पियानो. म्हाताऱ्या बायका तर अशा वरच्या सुरात गेल्या की पाळक साहेब वळून बघायला लागले. त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं त्यांचे घसे तिथंपर्यंत जातात म्हणून. गेल्यावर मग त्या खाली यायलाच तयार नव्हत्या.

चौथं कडवं जोएलचं. मधेच त्याचं बोट घसरून पांढऱ्यावर पडलं. थप्प. तो थांबला. माझ्याकडं बघितलं, ओठ थरथरायला लागले. माझा हात चालूच होता. मी तीच ओळ परत फिरवली, आणि मान हलवली नाही. काका तोंड उघडं ठेवून थांबले. आख्खी मंडळी थांबली. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "ये रे, आपण आहोत इथंच. तीनच्या जोडीतली मधली." त्यानं डोळे पुसले, बोट ठेवलं. मग मी मान हलवली आणि सगळे त्याच्यासोबत सुटले.

संपल्यावर टाळ्या किती वेळ वाजल्या ते मला सांगता येणार नाही. मी खाली वाकून पायाखालचं पेडल बघत होतो, काही बिघडलंय का म्हणून. काही बिघडलं नव्हतं. मला फक्त कुणाकडं बघायचं नव्हतं.

आई आली, माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली, आणि करंज्यांच्या ताटाकडं गेली. तिथं मी ऐकलं, ती शेजारच्या बाईला सांगत होती, "नाही हो, मामाकडं कशाला? इथं त्याच्याशिवाय चालायचं नाही ह्यांचं." इतकं मोकळं वाटलं मला, पाठीवरचं पोतं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं. चार करंज्या उभ्या-उभ्या खाल्ल्या.

हॉल रिकामा झाल्यावर मी खुर्च्या लावत होतो. मिस पियानोसमोर बसल्या होत्या, फटीतली वाळलेली खळ हेअरपिननं काढत. म्हटलं, मी पण एक बाजू धरतो. शेजारी बसलो.

"कोल्हापूरहून माणूस बोलवायला लागेल," त्या म्हणाल्या. "तो सगळ्या कीज बाहेर काढून वाळवेल. तू बघत बस त्याच्याजवळ. तुला आवडेल."

"बरं."

"मिनूचं आहे हे तुला आधीच माहीत होतं," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं. "ती बोलली तेव्हा सगळे तिच्याकडं वळले. तू नाही वळलास."

मी नखानं खळ खरवडत राहिलो.

"का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तिला पण विचारलं असतंत," मी म्हटलं. "मला विचारलंत तसंच."

हे मी चिडून बोललो नव्हतो. तोंडातनं आलं. पण त्यांचा हात थांबला. हेअरपिन त्यांनी पियानोवर ठेवली, अगदी हळू, आवाज होऊ न देता. मग माझ्याकडं पूर्ण वळून बसल्या.

"नथू," त्या म्हणाल्या, "पट्टी शब्दाची गल्लत झाली, ती कुणाचीही होते. पण तुला मी विचारलं, ते माझं चुकलं. विचारायलाच नको होतं. मला माहीत होतं तू केलं नाहीस."

मोठ्या माणसानं मला असं कधी म्हटलं नव्हतं. शाळेत नाही, घरी नाही. मला 'चुकलं' हा शब्द फक्त मी स्वतः म्हणायचा, आणि तो पण कान पिरगाळल्यावर, एवढंच ठाऊक. त्याला उत्तर काय द्यायचं असतं ते कुणी शिकवलंच नव्हतं. मग मी म्हटलं—

जाऊ दे, काय म्हटलं ते राहू दे. बाहेर सायकल बिनकुलुपाची उभी आहे, आणि बारक्यांचा क्लास आता मी घेतो, पोरं येऊन हॉलच्या दारात उभी असतील. निघतो मी आता.